सायकल रेस पाच तास कशी बघवते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी स्वतः सायकल चालवतो म्हणून हौसेने टूर द फ्रान्सची एक स्टेज लावली. चार जण पुढे, बाकीचा घोळका मागे, आणि तीन तास चित्र तेच. शेवटी पाच मिनिटं धावपळ झाली आणि संपलं. लोक हे अख्खं कसं बघतात? नुसता शेवट बघितला तर काय बिघडतं? आणि तसेही हे सगळे काहीतरी घेऊनच पळतात ना?"

मी बरीच वर्षं रेसिंग केलं, आता रेस करणाऱ्या मुलामुलींना शिकवते. त्या शिकवण्यातला मोठा भाग म्हणजे त्यांच्यासोबत बसून रेस बघणं. त्यामुळे आधी एक कबूल करते: तुम्ही लावलेली स्टेज खरोखरच कंटाळवाणी असण्याची शक्यता भरपूर आहे. टूरच्या २१ स्टेजपैकी (स्टेज म्हणजे एका दिवसाची रेस) काही सपाट स्टेज अशा असतात की पहिले तीन तास मीही आवाज बारीक करून बाकीची कामं उरकत असते. हेलिकॉप्टरमधून दिसणारे जुने वाडे, सूर्यफुलांची शेतं, नदीकाठची गावं बघायला मला आवडतं आणि त्यासाठी टीव्ही चालू ठेवणारे लाखो लोक आहेत. पाच तास डोळे लावून बसायचं असतं हा गैरसमज आहे. मुळात हा खेळ सुरू झाला तेव्हा रेस कोणाला अख्खी दिसतच नव्हती. टूर १९०३ साली 'लोतो' या वर्तमानपत्राने खप वाढवायला काढली, इटलीची जिरो १९०९ साली 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'ने. लोक रस्त्याकडेला उभे राहून अर्धा मिनिट बघायचे आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचायचे. एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला मिळणारी टूरची पिवळी जर्सी आणि जिरोची गुलाबी जर्सी हे त्या दोन वर्तमानपत्रांच्या कागदाचे रंग.

पण तुमची अडचण त्या एका स्टेजपुरती नसावी. तुम्ही बघत होता ते 'पुढे कोण आहे'. रोड रेसमध्ये दिवसातला बहुतेक वेळ पुढे असणं म्हणजे तोटा. मी मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवते: आत्ता हवा कोण कापतंय, आणि कोणासाठी?

तुम्ही सायकल चालवता, त्यामुळे हे पायांना माहीत असणारच. सपाट रस्त्यावर वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला की ताकदीचा बहुतेक भाग हवा बाजूला सारण्यात जातो. समोरच्याच्या चाकाला लागून राहिलं तर मागच्याचे पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. मोठ्या घोळक्यात, म्हणजे पेलोटॉनमध्ये, तर हिशोबच वेगळा. बेर्ट ब्लोकेन या संशोधकाच्या गटाने २०१८ मध्ये १२१ जणांच्या पेलोटॉनचा अभ्यास केला. त्यात मधोमध, मागच्या बाजूला बसलेल्या सायकलस्वाराला हवेचा विरोध एकट्याने जाणाऱ्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के निघाला. म्हणजे जिंकायला आलेला माणूस ताशी ४५ च्या वेगात जवळपास विश्रांती घेत असतो. त्याच वेळी पुढे त्याच्याच संघातला कोणी तरी त्याच्या वाटची हवा खात असतो. टूरमध्ये प्रत्येक संघात आठ जण असतात. त्यातल्या सहा-सात जणांचं काम मुख्यतः हेच: एकाची ताकद शेवटपर्यंत शाबूत ठेवणं.

आता तुमच्या स्टेजमधले ते पुढचे चार जण बघा. चौघंच आहेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाव हवा. मागे दीडशे जण आहेत, पण त्यांतले ओढणारे, म्हणजे पुढे राहून हवा कापणारे, बहुतेक दोन किंवा तीन, तेही ज्यांच्याकडे चांगला स्प्रिंटर (शेवटच्या धावेत सगळ्यात वेगवान गडी) आहे अशा संघांचे. या पळालेल्या चौघांना लगेच का पकडत नाहीत? कारण लगेच पकडलं तर नवे चार सुटतील, आणि दिवसभर तेच चालेल. त्यापेक्षा हे चार ओळखीचे, दमत चाललेले गडी तीन-चार मिनिटांच्या अंतरावर ठेवलेले बरे. फ्रेंच पत्रकार रोबेर शापात यांच्या नावाने एक जुना ठोकताळा आहे: पेलोटॉनने मनावर घेतलं तर दर १० किलोमीटरला एक मिनिट कमी होतं. तो काही नियम नाही. वारा, चढ, पाऊस, पळालेल्यांचा दम यावर सगळं अवलंबून. पण पडद्याच्या कोपऱ्यात 'अंतर ४ मिनिटं, बाकी ४० किलोमीटर' असं दिसलं की माझे कान टवकारतात. मग मी बघते मागे कोण ओढतंय. एकाच संघाचे लोक ओढत असतील तर ते लवकरच वैतागतील, हाताने इशारे करतील, बाजूला होऊन म्हणतील की आम्हीच का. त्या दहा-पंधरा सेकंदांच्या घोळात पुढच्या चौघांना अर्धं मिनिट फुकट मिळतं.

पुढच्या चौघांतही हेच नाटक छोट्या प्रमाणात चालतं. चौघंही एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण एकमेकांशिवाय कोणी टिकणार नाही. म्हणून पावणेदोनशे किलोमीटर इमानदारीने टर्न घेतात, म्हणजे आळीपाळीने पुढे येऊन हवा कापतात. मग पाचेक किलोमीटर उरले की एकाचा टर्न जरा लहान व्हायला लागतो. दुसरा कोपर हलवून 'ये पुढे' म्हणतो आणि पहिला पाण्याची बाटली काढतो. तहान लागलेली नसते. मला रेसमधला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. कोणत्या क्षणी मदत थांबवायची? लवकर थांबवली तर मागचा घोळका सगळ्यांनाच गिळतो, उशिरा थांबवली तर आपण दुसऱ्याला जिंकून दिलं.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे टोकियो ऑलिम्पिकची महिलांची रोड रेस, २५ जुलै २०२१. अंतर १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर सुरुवातीलाच चार जणींसोबत पळाली. ती गणितात डॉक्टरेट केलेली, त्या वेळी कोणत्याही व्यावसायिक संघात नव्हती, त्यामुळे मागे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. अंतर दहा मिनिटांच्या वर गेलं. शेवटचे ४० किलोमीटर उरले असताना तिने सोबतच्या उरलेल्या दोघींनाही मागे टाकलं. मागे नेदरलँड्सच्या चार जणी होत्या, कागदावर बाकी सगळ्यांपेक्षा भारी. पण एरवी संघाकडून माहिती देणारा कानातला रेडिओ ऑलिम्पिकमध्ये नसतो. पुढे नेमक्या किती जणी आहेत हा हिशोब चुकला. मधल्या दोघींना पकडल्यावर आता पुढे कोणीच नाही असं डच मुलींना वाटलं. त्यांच्यातली आनेमीक फान फ्ल्यूटन कीझेनहोफरनंतर सव्वा मिनिटाने शेवटच्या रेषेवर आली आणि सुवर्ण मिळालं असं समजून तिने हात वर केले.

ही रेस नुसती शेवटची पाच मिनिटं बघितली तर काय दिसतं? एक बाई एकटी येऊन जिंकली. खरी रेस तिच्या मागच्या रिकाम्या रस्त्यात होती, जिथे जगातल्या उत्तम सायकलस्वार एकमेकींकडे बघत होत्या आणि कोणीच पुढे येऊन हवा खायला तयार नव्हतं. मी ही रेस दरवर्षी नव्या मुलांना दाखवते. प्रत्येक वेळी कोणी ना कोणी विचारतं, 'मागच्या जणी जोर का लावत नाहीयेत?' हा प्रश्न पडला की त्यांना रेस बघता यायला लागली असं मी धरते.

डोंगरात मात्र चित्र बदलतं. चढावर वेग कमी, म्हणून चाकाला लागून राहण्याचा फायदाही कमी. तिथे वजन आणि दम बोलतो. पण तिथेही संघ असतो, आणि त्याचा वापर कसा होतो याचा मी बघितलेला सगळ्यात चांगला नमुना म्हणजे २०२२ च्या टूरची ११ वी स्टेज, आल्प्समधल्या ग्रानोंच्या घाटावर संपलेली. पिवळी जर्सी तादेय पोगाचारकडे होती, आणि सरळ लढतीत त्याला हरवणं कठीण आहे हे सगळ्यांना माहीत होतं. जुंबो-विस्मा संघाकडे दोन नेते होते, योनास विंगेगोर आणि प्रिमोझ रोग्लिच. रोग्लिच आधीच्या एका स्टेजमध्ये पडून मागे गेला होता, तरी इतका मागे नाही की त्याला दुर्लक्षित करावं. मग शेवटच्या घाटाच्या कितीतरी आधी, गालिबिए घाट चढायच्या सुमारास, दोघांनी आळीपाळीने हल्ले सुरू केले. एक सुटतो, पोगाचार त्याला गाठतो, गाठेपर्यंत दुसरा सुटतो. पोगाचारचे साथीदार तोवर मागे पडलेले, त्यामुळे प्रत्येक वेळी उत्तर त्यालाच द्यावं लागलं, आणि त्याने दिलंही. त्या क्षणी बघणाऱ्याला वाटावं की हल्ले फुकट गेले, कोणी सुटला तर नाहीच. हिशोब झाला तो नंतर. ग्रानोंवर साधारण पाच किलोमीटर उरले असताना विंगेगोर सुटला, आणि या वेळी पोगाचारच्या पायांत काही उरलं नव्हतं. त्या एका चढावर त्याने २ मिनिटं ५१ सेकंद गमावले. विंगेगोरने ती टूर शेवटी २ मिनिटं ४३ सेकंदांनी जिंकली. म्हणजे तीन आठवड्यांची अख्खी रेस त्या दुपारी ठरली. रोग्लिच त्या दिवशी दहा मिनिटांहून जास्त मागे राहिला. स्वतःच्या आशा त्याने त्या घाटात घालवल्या.

हायलाइट्समध्ये विंगेगोरचा तो एक हल्ला दिसतो, आणि वाटतं की पोगाचार अचानक ढेपाळला.

'ढेपाळणं' आधी ओळखायची सवय लागली की चढ बघण्यात वेगळीच गंमत येते. बहुतेक लोक चेहरा बघतात. चेहऱ्यावर फार विसंबू नका. कित्येक जण मुद्दाम वेदनेने चेहरा वाकडा करून मागे बसतात आणि शेवटी सगळ्यांना मागे टाकतात. मी चाकांमधली फट बघते. ताजा माणूस चढावर पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवतो, आणि ते अंतर हलत नाही. दमलेल्याचं अंतर वीतभरावरून हातभर होतं, मग तो जोर लावून परत वीतभर करतो. पुन्हा हातभर, पुन्हा वीतभर. प्रत्येक वेळी भरून काढायला वेळ जास्त लागतो. त्याच सुमाराला खांदे डावी-उजवीकडे झुलायला लागतात, आधी स्थिर असलेलं डोकं पॅडलसोबत खालीवर होतं, आणि माणूस सीटच्या टोकाकडे सरकतो. मग एक वळण येतं. घाटातल्या तीव्र वळणातून बाहेर पडताना सगळे क्षणभर उभं राहून वेग घेतात, आणि हा उभा राहत नाही. तिथे फट सायकलभर होते. कॉमेंटेटर 'तुटला' म्हणून ओरडतो तोवर तुम्हाला दोन किलोमीटर आधीपासून माहीत असतं. एखादा स्वतःच्या गिअरकडे किंवा मागच्या चाकाकडे खाली वाकून बघायला लागला की समजा, सायकलमध्ये काही बिघाड असावा अशी त्याला आशा आहे.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. सपाट स्टेज आणि बाजूने वारा असेल तर ती स्टेज चुकवू नका. बाजूच्या वाऱ्यात आडोसा मागे मिळत नाही, तिरका मिळतो, आणि रस्त्याच्या रुंदीत तिरकी रांग पंधरा-वीस जणांचीच बसते. एकविसाव्याला रस्त्याच्या कडेला, उघड्या वाऱ्यात चालवावं लागतं आणि तिथे रांग तुटते. २०१३ च्या टूरमध्ये १३ व्या, अगदी सपाट स्टेजमध्ये हेच झालं. दुसऱ्या क्रमांकावरचा आलेहान्द्रो वाल्वेर्दे नेमका तेव्हा पंक्चर झाला आणि जवळपास दहा मिनिटं मागे राहिला, आणि पिवळ्या जर्सीतल्या क्रिस फ्रूमलाही आल्बेर्तो कोंतादोरच्या संघाने एक मिनिट नऊ सेकंदांचा चटका दिला. एकही डोंगर नसताना.

एवढं झाल्यावर तुमच्या 'नुसता शेवट बघितला तर' या प्रश्नाचं उत्तर देता येईल: एक दिवसाच्या काही रेसमध्ये काहीच बिघडत नाही. मिलान–सान रेमो जवळपास ३०० किलोमीटरची असते, आणि मी स्वतः तिचा शेवटचा तासभरच बघते. पोज्जो नावाची पावणेचार किलोमीटरची, फारशी अवघड नसलेली टेकडी आहे, तिच्या माथ्यापासून रेषा साडेपाच किलोमीटरवर. सगळं तिथेच घडतं. पण अनेक दिवसांच्या रेसमध्ये शेवट कधी होऊन गेला हे कळतच नाही. २०२४ ची महिलांची टूर बघा. पोलंडची काशिया निएवियादोमा डेमी वोलेरिंगपेक्षा फक्त ४ सेकंदांनी पुढे राहून जिंकली. आल्प द्युएझच्या शेवटच्या चढावर वोलेरिंग स्टेज जिंकून घड्याळाकडे बघत रडली, ती दृश्यं सगळ्यांनी बघितली. पण ते ४ सेकंद तिथले नव्हते. तीन दिवस आधी, पाचव्या स्टेजमध्ये, रेषेपासून सहाएक किलोमीटरवर वोलेरिंग पिवळ्या जर्सीत असताना पडली. सपाट फिनिशला साधारण शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलं तर वेळ माफ होतो, ती त्याआधी पडली. पुढे असलेल्या तिच्या संघातल्या मुली तिला ओढायला थांबल्या नाहीत, त्यांच्यातलीच एक ती स्टेज जिंकली, आणि वोलेरिंगचे पावणेदोन मिनिटांच्या आसपास गेले. त्या दिवशी पुढच्यांपैकी कोणी मागे थांबली असती तर? यावर आमच्या गटात अजून भांडणं होतात. माझं मत: थांबायला हवं होतं. पिवळी जर्सी पडली की बाकीचे बेत रद्द.

आता ड्रग्जचा प्रश्न. इतिहास वाईट आहे, लपवण्यात अर्थ नाही. १९९८ मध्ये फेस्तिना संघाचं प्रकरण झालं. लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली. त्यानंतर तपासण्या खूप कडक झाल्या, रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जातात. आज सगळे स्वच्छ आहेत अशी हमी मी देणार नाही. तुम्हाला ती शंका असताना रेस बघवत नसेल तर ते मी समजू शकते. माझ्यापुरतं सांगायचं तर मी बघते ती डावपेचांसाठी, आणि कोणी कितीही ताकदवान असला तरी चुकीच्या वेळी हवेत आला की हरतो हे मी अजूनही दर आठवड्याला बघते.

याला अपवाद आहे, आणि हल्ली तो वारंवार दिसतो. पोगाचारने २०२४ ची स्त्रादे बियांके, इटलीतली एक दिवसाची रेस, ८१ किलोमीटर एकट्याने जाऊन जिंकली. इतका फरक असला की हवेचा सगळा हिशोब बाजूला राहतो. काहींना तो पराक्रम बघायला आवडतो. मला अशा दिवशी दुसऱ्या क्रमांकासाठीची मारामारी जास्त बघवते. ज्याला फक्त निकालाची हुरहूर हवी आहे त्याने तो दिवस सोडून द्यावा.

सुरुवात कुठून करायची, तर टूरच्या सपाट स्टेजपासून नको. एप्रिलमधली फ्रान्सची एक दिवसाची रेस पारी–रूबे लावा, शेवटच्या शंभर किलोमीटरपासून. जवळपास ९५ किलोमीटर उरले असताना आरेनबर्गच्या जंगलातला दगडी रस्ता येतो, आणि तिथून पुढे दर दहा मिनिटांनी कोणी तरी पंक्चर होतं, घसरतं किंवा मागे सुटतं. दगडांवर कोण दमलंय हे नवख्यालाही दिसतं, त्यामुळे डोळा पटकन तयार होतो. मग जुलैत टूरच्या दोन डोंगरी स्टेज, त्याही शेवटचे दोन घाट. सपाट स्टेज सगळ्यात शेवटी.

बघताना एक संघ निवडा आणि त्यातला नेता सोडून दुसराच कोणी तरी धरा. तो मागे टीम कारपाशी जाऊन जर्सीत सात-आठ बाटल्या कोंबतो. कारमधल्या माणसाने दिलेली बाटली दोघंही जरा जास्तच वेळ धरून ठेवतात, म्हणजे तेवढंच फुकट ओढून घेणं, आणि पंच पहिल्यांदा कानाडोळा करतात. मग तो पूर्ण घोळका ओलांडून पुढे येऊन बाटल्या वाटतो आणि ओढायला लागतो. त्याचं काम कुठल्या किलोमीटरला संपतं ते लिहून ठेवा. नेत्याकडे शेवटच्या चढाला किती साथीदार उरतील याचा अंदाज तुम्हाला कॉमेंटेटरच्या आधी येईल.

आणि हायलाइट्स बघायचेच असतील तर पाच मिनिटांचे नकोत, अर्ध्या-पाऊण तासाचे मिळाले तर घ्या. त्यात निदान पळालेल्यांची आणि ओढणाऱ्यांची नावं तरी येतात.